ग्लोरियाव्हेलची नात आणि तिचे वाचक

"पण मग ती आधीच का नाही निघून गेली?"

लिलिया तरावाचं आत्मकथन वाचून संपवलेला माणूस पहिला प्रश्न हटकून हा विचारतो. दुसरा प्रश्न बहुधा "सरकार काय करत होतं?" असा असतो, आणि तिसरा खाजगी आवाजात, "हे सगळं खरं असेल?" असा. पुस्तकावर काही बोलण्याआधी माणसं या तीन दारांशी घुटमळतात. पुढची प्रकरणं लिहायला घेतली तेव्हा मला वाटलं होतं, आपण न्यूझीलंडमधल्या काही खडतर बालपणांविषयी लिहितोय. लिहिता लिहिता लक्ष वाचणाऱ्यांकडे वळलं आणि तिथेच राहिलं. एखाद्या मुलीनं आपलं कोंडलेलं बालपण छापून आपल्या हातात दिलं की आपण त्याचं काय करतो, हा या पुस्तकाचा विषय झाला.

मराठी वाचकाला ग्लोरियाव्हेल ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून थोडी पार्श्वभूमी. नेव्हिल कूपर नावाचा एक फिरता सुवार्तिक ऑस्ट्रेलियातून न्यूझीलंडला आला आणि 1969 मध्ये त्याने ख्राइस्टचर्चच्या उत्तरेला, कँटरबरीच्या सपाटीवर स्प्रिंगबँक इथे आपल्या अनुयायांची वसाहत थाटली. बाहेरचे लोक त्यांना 'कूपराइट' म्हणत. कूपरने पुढे स्वतःचं नाव 'होपफुल ख्रिश्चन' करून घेतलं. इतरांनीही तशीच गुणवाचक नावं घेतली. नव्वदीच्या सुरुवातीला ही मंडळी डोंगर ओलांडून पश्चिम किनारपट्टीकडे गेली आणि हौपिरीच्या खोऱ्यात स्थायिक झाली. ग्रेमाउथपासून हे ठिकाण साठेक किलोमीटर आत आहे. एका अंगाला सरोवर, पाठीशी सदर्न आल्प्स आणि वर्षभर पाऊस. कूपरच्या पहिल्या बायकोचं नाव ग्लोरिया, त्यावरून खोऱ्याचं नाव ग्लोरियाव्हेल पडलं.

आज तिथे पाचशेच्या वर माणसं राहतात. मोठमोठ्या सामायिक इमारती आहेत, त्यात एकेका कुटुंबाला जागा. जेवण एका भल्यामोठ्या सभागृहात, सगळ्यांचं एकत्र. बायकांचा पायघोळ निळा झगा आणि डोक्याला पांढरा रुमाल. पुरुषांचे निळे शर्ट. पैसा सगळा सामायिक, म्हणजे कुणाच्याच हातात नाही. संततिनियमन नाही, त्यामुळे आठ-दहा मुलांची घरं सर्रास. लग्नं वडीलधाऱ्यांच्या संमतीने. वसाहतीचा स्वतःचा दूधधंदा आहे, मॉस गोळा करून परदेशी पाठवण्याचा धंदा आहे; वसाहतीने स्वतःची शाळाही चालवली. कूपरला 1990 च्या दशकात लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर तो पुन्हा त्याच गादीवर बसला, आणि 2018 मध्ये मरेपर्यंत उठला नाही.

लिलिया ही त्या कूपरची नात. तिच्या भावंडांपैकी काही जण आधी बाहेर पडली, आणि 2009 मध्ये आईवडील उरलेल्या मुलांना घेऊन निघाले. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. 2017 मध्ये तिचं 'डॉटर ऑफ ग्लोरियाव्हेल' हे आत्मकथन आलं. त्याच वर्षी ख्राइस्टचर्चच्या टेडएक्स व्यासपीठावर तिने भाषण केलं आणि ते जगभर लाखो लोकांनी ऐकलं. पुस्तक न्यूझीलंडमध्ये धडाधड खपलं. आजोबा तेव्हा हयात होते, ही गोष्ट बहुतेक वाचकांच्या ध्यानात येत नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या डोळ्यांदेखत त्याच्याविषयी लिहिणं कशाला म्हणतात, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

आपल्या भाषणाच्या शीर्षकात लिलियाने त्या जागेला स्वर्ग म्हटलं आहे आणि नरकही. क्रम तोच आहे, आधी स्वर्ग. वाचकांची गाडी मात्र थेट दुसऱ्या शब्दावर जाऊन थांबते. मला हे पहिल्यांदा जाणवलं ते वाचनालयातल्या प्रतीमुळे. माझ्या आधी ती प्रत कुणीतरी पेन्सिल हातात धरून वाचली होती. वर्गात सगळ्यांदेखत एका मुलाला झालेली मारहाण लिलियाने सांगितली आहे. तिथे समासात दोन उभ्या रेघा, इतक्या दाबून की मागच्या पानावर उठल्या होत्या. आजोबांच्या धाकाचा, सभेतल्या जाहीर अपमानाचा मजकूर आला की रेघ. शिक्षा आली की रेघ. आणि मधली पानंच्या पानं, जिथे मुलांचे घोळके आहेत, गाणी आहेत, मैत्रिणी आहेत, ती कोरी. त्या अज्ञात वाचकाने जणू हिशेबाची वही तपासली होती आणि फक्त नावेची बाजू. मला त्याचा राग आला नाही. त्याला लेखिकेविषयी कळवळा होता हे त्या दाबलेल्या रेघांतून दिसतच होतं. पण कोऱ्या राहिलेल्या पानांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं. ती निघून का गेली नाही? कारण तिथे तिची आई होती, भावंडं होती, जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या आणि सुरात म्हटलेली गाणी होती. मारहाण ही अधूनमधून येणारी गोष्ट, माया रोजची. दोन्ही देणारे हात तेच. अशा जागेतून पळून जायचं म्हणजे कुणापासून पळायचं?

शिवाय, निघून जाणं म्हणजे काय, याचा व्यवहारी अर्थही वाचक क्वचितच लावतो. बँकेत खातं नाही, खिशात पैसा नाही, बाहेरच्या जगात कुणी ओळखीचं नाही. अंगावरचे कपडे असे की शंभर पावलांवरून ओळख पटावी. लहानपणापासून कानावर पडलेलं की बाहेर पाऊल टाकणाऱ्याला नरक. आणि मागे राहिलेल्यांनी तुमच्याशी बोलणं टाकायचं. रायगड जिल्ह्यातल्या गावांत माणसांना वाळीत टाकण्याची प्रकरणं ज्यांनी वर्तमानपत्रात वाचली आहेत त्यांना हे चटकन कळतं. किराणा मिळत नाही, पाणवठ्यावर कुणी बोलत नाही, लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. महाराष्ट्राने त्याविरुद्ध 2016 मध्ये विधिमंडळात कायदा केला आणि 2017 पासून तो लागू आहे. वाळीत पडलेल्या माणसाला "मग गाव का सोडत नाहीस?" असं विचारणारे शहरी लोक आपल्याकडेही आहेत. ग्लोरियाव्हेलचा वेढा त्याहून एका बाबतीत पक्का होता. गावातला वाळीत पडलेला निदान आपल्या घरात, आपल्या माणसांत असतो. इथे घर म्हणजेच गाव आणि आईबाप म्हणजेच पंच.

हौपिरीपासून दक्षिणेला, त्याच पश्चिम किनाऱ्यावर, गॉर्ज नदी समुद्राला मिळते तिथे एक कुटुंब कित्येक दशकं राहिलं. रॉबर्ट लाँग 1980 मध्ये तिथे गेला. पुढे कॅथरीन स्टुअर्ट आली, दोन मुलं झाली, तिथेच वाढली. जवळचा रस्ता दोन दिवसांच्या पायपिटीवर. शेजार नाही. शाळा टपालाने. मासे धरायचे, भाज्या लावायच्या, समुद्राने आणून टाकलेलं निवडून वापरायचं. बापाने पुस्तक लिहिलं, आईने लिहिलं, आणि 2022 मध्ये मुलानेही लिहिलं, 'द बॉय फ्रॉम गॉर्ज रिव्हर'. या पुस्तकांच्या वाचकांना दया येत नाही, हेवा वाटतो. "काय नशीबवान पोरं!" असं म्हणत ते आपल्या मुलांच्या हातातल्या फोनकडे बघतात.

म्हणजे एकाच किनाऱ्यावरची दोन बालपणं. एकाच्या आसपास मैलोन्‌मैल चिटपाखरू नाही आणि तो मोकळा. दुसरीच्या भोवती पाचशे माणसं, रस्ता, दुधाचे टँकर, अगदी विमानसुद्धा, आणि ती कोंडलेली. माणूस किती एकाकी वाढला हे रस्त्याच्या अंतरावरून ठरत नाही, हे सांगायला गॉर्ज नदीच्या मुलाचा दाखला पुरे आहे. त्याला वाटेल तेव्हा तो दोन दिवस चालून जगात येऊ शकत होता आणि परत गेल्यावर आई दार उघडणार होती. लिलियाच्या वसाहतीचं फाटक बाहेर जाताना उघडं असेलही, मुद्दा परतीचा होता.

मराठी वाचकांच्या बाबतीत मला एक अनपेक्षित प्रतिक्रिया मिळाली आणि ती मी अजून पुरती पचवलेली नाही. इथे न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या ओळखीच्या काही मराठी घरांत मी हे पुस्तक फिरवलं. साठी ओलांडलेल्या एक काकू, मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या, वाचून म्हणाल्या, "एवढी माणसं आणि एक चूल! आमच्याकडे दुपारी अकरा ते पाच भिंतीशी बोलायला लागतं गं." त्यांनी मारहाणीची पानं वाचली नव्हती असं नाही. वाचली होती. पण मोठ्या खटल्याच्या घरात वाढलेल्या बाईला पंगती उठताना-बसतानाचा गलबला आधी ऐकू आला. त्यांच्या सुनेची प्रतिक्रिया नेमकी उलटी. तिला त्या निळ्या झग्यांत आपल्या आजोळची लाल आलवणं दिसली. वडीलधाऱ्यांसमोर मान खाली, बाईने पुढे होऊन बोलायचं नाही, बोलली तर तिला वळण नाही. तिने पुस्तक दोन रात्रींत संपवलं आणि सासूबाईंशी त्यावर एक शब्द बोलली नाही. एकाच घरात एकाच प्रतीचे हे दोन वाचक. मला विचाराल तर दोघींचं वाचन बरोबर आहे, आणि पेन्सिलवाल्या वाचकापेक्षा दोघीही पुस्तकाच्या जास्त जवळ गेल्या, कारण दोघींनी स्वतःचं काहीतरी पणाला लावून ते वाचलं.

पेन्सिलवाला पाहुणा होता. आणि ग्लोरियाव्हेलला पाहुण्यांची सवय फार जुनी आहे. ही वसाहत बाहेरच्यांसाठी गाण्या-नाट्याचे मोठे कार्यक्रम करत असे, जेवणासकट, आणि लांबून लांबून माणसं गाड्या भरून जात. जेवत, टाळ्या वाजवत, मुलं किती शिस्तीची म्हणून कौतुक करत आणि घरी येत. 2014 पासून दूरचित्रवाणीवर ग्लोरियाव्हेलविषयी माहितीपट आले आणि लोकांनी ते आवडीने पाहिले. माणसं सोफ्यावर बसून त्या निळ्या झग्यांना हसत, हळहळत आणि पुढच्या भागाची वाट बघत. मी स्वतः त्या बायका पहिल्यांदा पाहिल्या त्या ग्रेमाउथच्या सुपरमार्केटात. दोघी होत्या, सामानाची ढकलगाडी शिगोशीग भरलेली. रांगेतले आम्ही सगळे त्यांच्याकडे न बघण्याचा आटापिटा करत होतो, आणि त्यातून आमचं बघणं जास्तच उघडं पडत होतं. त्यातली धाकटी मासिकांच्या मांडणीपाशी क्षणभर रेंगाळली. थोरली काही बोलली नाही, फक्त गाडीची दिशा बदलली.

लिलियाचं पुस्तक निघालं तेव्हा त्याचा वाचक आधीच असा तयार झालेला होता. त्याने कार्यक्रम पाहिला होता, माहितीपट पाहिले होते, आता पडद्यामागचं हवं होतं. "सरकार काय करत होतं?" हा दुसरा प्रश्न म्हणूनच मला जरा सोयीचा वाटतो. सरकारचे निरीक्षक शाळा तपासायला जात होते, हे खरं. धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी होती, हेही खरं. पण दूध विकत घेणारे, मॉस विकत घेणारे, पंगतीला बसून टाळ्या वाजवणारे कोण होते? खोरं एकटं कधीच नव्हतं. ते एकटं वाटावं यात दोन्ही बाजूंचा हातभार होता.

मराठीत या प्रकारच्या वाचनाला मोठा इतिहास आहे. दया पवारांचं 'बलुतं' 1978 मध्ये आलं. पु. ल. देशपांड्यांसारख्यांनी त्याची दखल घेतल्यावर ते पांढरपेशा घरांच्या कपाटांत पोहोचलं. पाठोपाठ 1980 मध्ये लक्ष्मण माने यांचं 'उपरा', 1984 मध्ये शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी', 1987 मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या'. या पुस्तकांच्या स्वागतात 'अरेरे' फार होतं. किती भोगलं हो माणसांनी! भोगण्याची दाद दिली की वाचकाचं काम संपलं, असा एक अलिखित करार होता. भाषा कशी आहे, विनोद कुठे आहे, लेखक स्वतःला कुठे माफ करत नाही, यावर बोलणं मागे पडायचं. 'बलुतं'मधला निवेदक स्वतःविषयी किती निर्दय आहे, हे त्या काळच्या हळहळीत बरंचसं बुडून गेलं. आणि ज्यांच्याविषयी लिहिलं होतं त्या वस्तीतून वेगळाच सूर आला. घरातली लक्तरं वेशीवर कशाला टांगलीत? बाहेरच्यांना हसायला आयतं दिलंत.

हा सूर न्यूझीलंडमध्येही जसाच्या तसा ऐकू येतो. अ‍ॅलन डफ यांची 'वन्स वेअर वॉरियर्स' ही कादंबरी 1990 मध्ये आली. माओरी वस्तीतली दारू, मारझोड, मोडलेली मुलं, सगळं त्यात होतं. तिचा सिनेमा 1994 मध्ये झाला. आपल्याच माणसाने आपल्याला गोऱ्यांपुढे उघडं पाडलं, वर्णद्वेष्ट्यांच्या हाती कोलीत दिलं, असं म्हणणाऱ्या माओरी वाचकांची नाराजी खोटी नव्हती. डफ यांनी 1999 मध्ये स्वतःचं आत्मकथन लिहिलं, तेव्हा कादंबरीतलं घर कुठून आलं होतं ते लोकांना कळलं. ग्लोरियाव्हेलच्या बाबतीत फरक असा की आतल्या माणसांची नाराजी बाहेर यायला वाटच नव्हती. आतल्यांच्या वतीने बोलायचे ते पुढारीच. त्यामुळे लिलियाला आपल्या माणसांकडून खरा, भांडखोर, प्रेमाचा वाचक मिळाला तो तिच्यासारख्या बाहेर पडलेल्यांतच. यातली बरीच कुटुंबं दक्षिण बेटावर टिमारूच्या आसपास राहतात, आणि नव्याने बाहेर पडणाऱ्यांना हात देणारा एक न्यास तिथून चालतो. 2023 मध्ये थियोफिला प्रॅट यांचं 'अनव्हेल्ड' हे दुसरं आत्मकथन आलं, आणि एकाच अंगणातली दोन वेगळी बालपणं शेजारी ठेवून बघता यायला लागली.

आता एका आवडत्या पुस्तकाविषयी थोडी वाकडी वाट करते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. मराठीतल्या सर्वांत हसऱ्या पुस्तकांत तिची गणना होते. पण तिच्या पहिल्या पानांत काय आहे ते पुन्हा काढून बघा. जवळच्या आप्ताला 1857 च्या धामधुमीत झालेली फाशी, त्या धक्क्याने सोवळ्याओवळ्याने झपाटलेले वडील, बाहेरून घरात येणाऱ्या वस्तू धुवून घेण्याचा सोस, शिवाशिवीच्या धाकात दबलेली आई आणि मुलं. जलालपूरचं ते घर गावात असूनही गावापासून तुटलेलं होतं. हे एका खडतर, कोंडलेल्या बालपणाचं आत्मकथन आहे, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या ते हसत वाचलं. लक्ष्मीबाईंनी हसवलं म्हणून आपण हसलो, एवढंच कारण नाही. ते घर आपल्या ओळखीचं होतं. सोवळं नेसलेले, तापट, प्रेमळ, विक्षिप्त आजोबा आपल्याकडे होतेच. तेच घर हौपिरीत असतं आणि धुणारा माणूस बायबल हातात घेतलेला असता तर आपल्या पेन्सिलीने दोन उभ्या रेघा ओढल्या असत्या.

खडतर बालपण हास्यास्पद वाटावं असं मला म्हणायचं नाही. वाचकाची प्रतिक्रिया मजकुरात असते तितकीच त्याच्या आणि मजकुरामधल्या अंतरात असते, एवढंच. दूरचं भयंकर वाटतं, जवळचं गमतीदार, आणि फारच जवळचं असेल तर माणूस त्या सुनेसारखा गप्प बसतो.

तिसऱ्या प्रश्नाकडे, खरेखोटेपणाकडे, यायला हवं. त्याचा सर्वांत चमत्कारिक नमुना जॅनेट फ्रेम यांच्या वाट्याला आला. जन्म 1924, बालपण ओमारूमध्ये, गरिबीत. दोन बहिणी दहा वर्षांच्या अंतराने बुडून गेल्या. तरुणपणी मनोरुग्णालयात दाखल झाल्या आणि वर्षानुवर्षं आतबाहेर करत राहिल्या. दोनशेहून जास्त वेळा विजेचे झटके दिले गेले. मेंदूवर शस्त्रक्रिया ठरलेली असताना पहिल्या कथासंग्रहाला पारितोषिक मिळाल्याची बातमी आली आणि ती रद्द झाली. पुढे लंडनच्या डॉक्टरांनी सांगितलं की ज्या आजाराचं निदान झालं होतं तो यांना कधी नव्हताच. 1982 ते 1985 या काळात त्यांच्या आत्मचरित्राचे तीन खंड आले, 1990 मध्ये जेन कँपियनने त्यावर सिनेमा केला. आपल्याविषयीच्या दंतकथा एकदाच्या मिटाव्यात, हा लिहिण्यामागचा एक हेतू होता. झालं उलटंच. वाचकांनी त्या खंडांचा केसपेपर केला. फ्रेम 2004 मध्ये गेल्या, आणि 2007 मध्ये इथल्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्या लेखनावरून नवं निदान सुचवणारा लेख आला. त्यांना स्वमग्नता असावी, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर बराच गदारोळ झाला. निदान चुकल्यामुळे जिचं तारुण्य रुग्णालयात गेलं, तिला तिच्याच पुस्तकावरून पुन्हा एक निदान! वाचकाचा हा डॉक्टरी सोस मला बऱ्याच प्रतिक्रियांत दिसतो. लिलियाचं पुस्तक वाचून तिच्या आजोबांना, आईला, तिला स्वतःला आजारांची नावं चिकटवणारे कितीतरी भेटले. नाव मिळालं की पुस्तक मिटवता येतं.

खरेखोटेपणाचा निकाल शेवटी वाचकांनी लावला नाही, तो न्यायालयांत लागत गेला. मे 2022 मध्ये इथल्या रोजगार न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश ख्रिस्टीना इंग्लिस यांनी ग्लोरियाव्हेल सोडलेल्या तीन तरुणांच्या बाजूने निकाल दिला. ते सहा वर्षांचे असल्यापासून तिथले कर्मचारीच होते, असं त्यात म्हटलं. जुलै 2023 मध्ये सहा स्त्रियांच्या बाबतीत तसाच निकाल आला. पहाटेपासून शेकडो माणसांचा स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट, पाळ्या लावून, वर्षानुवर्षं. पुढाऱ्यांचं म्हणणं होतं की हे एका मोठ्या कुटुंबातलं घरकाम आहे. न्यायालयाला ते पटलं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये शाही चौकशी आयोगापुढे ग्लोरियाव्हेलच्या पुढाऱ्यांनी पीडितांची माफी मागितली. त्या आयोगाचा अहवाल जुलै 2024 मध्ये आला. 1950 ते 2019 या काळात सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या ताब्यात वाढलेल्या सुमारे साडेसहा लाख मुलांपैकी आणि दुबळ्या प्रौढांपैकी दोन लाखांच्या आसपास लोकांवर अत्याचार झाले असावेत, असा अंदाज त्यात आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. पन्नास लाखांच्या देशात दोन लाख. म्हणजे असं आत्मकथन वाचणाऱ्यांत असं बालपण स्वतः काढलेले कितीतरी असणार, आणि त्यांनी काय वाचलं ते आपल्यापर्यंत आलेलं नाही.

हे निकाल एका पुस्तकामुळे लागले असं मी म्हणणार नाही. त्यामागे वकिलांची, बाहेर पडलेल्यांची, पत्रकारांची वर्षं आहेत. पण निकाल वाचून मी पुन्हा पुस्तकाकडे गेले तेव्हा ती पेन्सिल न लागलेली कोरी पानं बदलली होती. सगळ्यांनी मिळून केलेला स्वयंपाक, पोरींच्या हसण्या-खिदळण्यात उरकलेली कामं, ही स्वर्गाची पानं. त्यातल्या प्रत्येक तासाची मजुरी कुणाकडे तरी थकलेली आहे, हे आता न्यायालयाच्या कागदावर होतं. आनंद खोटा ठरला नाही. मैत्रिणी खऱ्याच होत्या. पण काकूंना ज्या एका चुलीचा हेवा वाटला तिच्यापाशी पहाटे कोण उभं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते काय मला ठाऊक नाही होय?" काकू स्वतः मोठ्या घरातल्या मधल्या सून होत्या.

थोडं या पुस्तकाच्या मांडणीविषयी. न्यायालयात साक्ष दिलेल्या तरुणांची आणि स्त्रियांची नावं इथे जाहीर आहेत, तरी मी ती वापरलेली नाहीत. ज्यांनी स्वतःच्या नावाने पुस्तक लिहिलं किंवा जे सार्वजनिक पदावर होते, त्यांचीच नावं येतील. ओळखीच्या वाचकांच्या प्रतिक्रिया त्यांना विचारून घेतल्या आहेत. सुनेने परवानगी देताना एवढीच अट घातली की छापून आल्यावर प्रत सासूबाईंच्या आधी तिला मिळावी. माओरी आणि इंग्रजी नावं इथल्या उच्चाराच्या जवळ जातील अशी लिहिली आहेत. लिलियाचं मूळ पुस्तक इथल्या बहुतेक शहरांतल्या वाचनालयांत मिळतं, आणि माझं पुस्तक उघडण्याआधी ते वाचलेलं असेल तर उत्तम.

हस्तलिखित वाचणाऱ्या दोन मित्रांचा एका गोष्टीला विरोध होता. पहिलं प्रकरण ग्लोरियाव्हेलचं हवं, वाचक त्यासाठीच पुस्तक उघडणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा अंदाज बरोबर असेलही. तरी मी सुरुवात गॉर्ज नदीच्या मुलापासून केली आहे, आणि ग्लोरियाव्हेल तिसऱ्या प्रकरणात येतं. मधलं प्रकरण जलालपूरचं आहे.